काल्याचा टोप

आमच्या घरात तापाचा दोष द्यायला कुणी ना कुणी नेहमी हाताशी असायचं. मी अगदी लहान होते तेव्हा तो दोष खाडीचा होता. भरतीचं पाणी मिठागरांच्या बांधापर्यंत यायचं, ओसरताना चिखल आणि वास मागे ठेवून जायचं, आणि घरात कुणाला मुदतीचा ताप भरला की जुनी माणसं खाडीकडे बोट दाखवायची. टायफॉइड हा शब्द आमच्याकडे नंतर आला. मग मिठागरं बंद पडली, आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठाकुर्लीकडच्या रस्त्याला लागून असलेल्या शेतात चाळ बांधली, खोल्या भाड्याने दिल्या, आणि दोष खाडीवरून विहिरीवर आला. विहिरीवरून तो चाळीवर यायला फार वेळ लागला नाही. चाळीचा संडास विहिरीच्या वरच्या अंगाला होता. तो तिथे भाडेकरूंनी बांधला नव्हता, आबांनीच बांधला होता. पण ही गोष्ट आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. "बाहेरची मानसं, यांना सवय नाय," एवढं आबा म्हणाले की विषय संपायचा.

आता त्या शेतात टॉवर आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर मी राहते. माझ्या भावाची नात सानिका ठाण्याच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकते. तिने माझ्या फ्रिजमध्ये आंबूस दुधाच्या छोट्या छोट्या बाटल्या आणून ठेवल्यात आणि रोज एक पी म्हणून मागे लागते. आपल्या आतड्यात असंख्य जंतू राहतात, ते अन्न पचवतात, बाहेरच्या जंतूंना जागा मिळू देत नाहीत, त्यांच्यावाचून आपलं चालायचं नाही, असं ती मला मोठ्या प्रेमाने समजावते. मी ऐकून घेते. पोरगी हुशार आहे, खोटं सांगत नाही. पण माणसाच्या पोटात काय काय राहू शकतं आणि त्याला पत्ताही न लागू देता किती वर्षं राहू शकतं, हे मी तिच्या वयाची व्हायच्या आधीच शिकले होते, आणि मला ते कुणी प्रेमाने समजावलं नव्हतं.

चांगुणाआत्या ही आबांची धाकटी बहीण. तिला मोहने गावात दिली होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा तिला आणि तिच्या नवऱ्याला एकदमच ताप भरला. नवरा गेला, ती वाचली, आणि डोक्यावरचे गळलेले केस पुरते उगवायच्या आत आबा तिला घरी घेऊन आले. आल्या दिवशीच ती स्वयंपाकघरात शिरली ती तिथेच राहिली. माझ्या आईला याचं वाईट वाटलं असेल तर तिने ते दाखवलं नाही. आई शेताकडे आणि गुरांकडे बघायची, चूल आत्याची. पहाटे तांदळाची भाकरी थापण्याचा आवाज हा आमच्या घराचा पहिला आवाज. मग पाट्यावर वाटण, मग तव्यावर जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, भाजल्याचा तो वास, ज्याने चाळीतल्या शाकाहारी बिऱ्हाडांच्या खिडक्या धडाधड लागायच्या. भाजलेला जवळा, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ असं सगळं आत्या परातीत घेऊन हाताने चोळायची. चमच्याने कालवलं तर त्याला चव येत नाही असं तिचं ठाम मत होतं. आम्ही पोरं भोवती बसून तळहात पुढे करायचो आणि ती प्रत्येकाच्या हातावर एकेक गोळी ठेवायची.

आत्या घाणेरडी नव्हती, हे मला इथे स्पष्ट लिहून ठेवायचं आहे, कारण पुढे लोकांनी तसं म्हटलं. ती रोज डोक्यावरून अंघोळ करायची, तिचं लुगडं आमच्या सगळ्यांच्या कपड्यांपेक्षा स्वच्छ असायचं. टमरेल घेऊन बांधापलीकडे जाऊन आल्यावर ती माती लावून हात धुवायची, जसे आई धुवायची, जसे आबा धुवायचे, जशी सगळी पंचक्रोशी धुवायची. साबण अंघोळीचा. तो हाताला लावून वाया घालवायचा हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

आजाऱ्याची सेवाही आत्याच करायची. माझ्या मोठ्या भावाला ताप आला तेव्हा ती त्याच्या उशाशी बसून राहिली, चुलतभावाला आला तेव्हाही. आई तिला म्हणायची, वन्सं, जरा लांबून करा, तुम्हाला बाधेल. त्यावर आत्या हसायची. "मना ताप वलखतो," म्हणायची, "एकदा येऊन गेला, आता परत कशाला येल?" आणि खरंच तिला कधी साधं डोकंसुद्धा दुखलं नाही. घरात सगळ्यांना वाटायचं की गावदेवीने तिच्या नवऱ्याला नेलं त्याची भरपाई म्हणून तिला ही तब्येत दिली. मलाही तसंच वाटायचं.

तर या आजारपणातूनच आमच्या घरात एक रीत पडली. ताप उतरला, आजाऱ्याने पहिला भात खाल्ला, की आत्या गावदेवीला काला करायची. भिजवलेले पोहे, दही, काकडी, मिरची, लिंबाचं लोणचं, डाळिंबाचे दाणे मिळाले तर ते. मोठ्या कल्हईच्या टोपात दोन्ही हात मनगटापर्यंत घालून ती तो कालवायची आणि देवळाच्या ओट्यावर बसून चाळीतल्या नि गावातल्या पोरांच्या हातावर घालायची. माझं पोर बरं झालं, आता तुम्ही सगळी बरी राहा, असा त्याचा अर्थ. आबा त्या दिवशी चाळकऱ्यांशी गोड बोलायचे. आणि मग काही आठवड्यांनी चाळीत कुणाला तरी ताप यायचा, आणि आबा पुन्हा संडासाबद्दल बोलायला लागायचे. एकदा तर त्यांनी विहिरीला कुलूप घातलं आणि चाळकऱ्यांना लांबच्या नळावर पाठवलं. पुढे आमच्याकडेही नळ आला, गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून पाणी उकळून प्यायला लागलो. ताप तरी येतच राहिला.

मला आला तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. त्या आजारपणातलं मला थोडंच आठवतं. कपाळावरची ओली घडी, जिभेवरचा कडवटपणा, आणि खिडकीशी उभी असलेली सुमन. सुमन ही माझी मैत्रीण, चाळीतल्या शेवटच्या खोलीत राहायची. तिचे लोक चिपळूणकडचे. वडील डोंबिवलीच्या एका कारखान्यात, आई शिवणकाम करायची. तिला आत घेत नव्हते, म्हणून ती रोज शाळेतून आली की खिडकीच्या गजांतून मला वर्गातल्या भानगडी सांगायची. कोण कुणाकडे बघून हसलं, कुणाला छडी बसली. ती बोलायची फार सुरेख, शाळेतल्या बाईंची नक्कल तर अशी करायची की मला त्या अशक्तपणातही हसू फुटायचं आणि आत्या तिला लटकं रागवायची. मी बरी झाले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आत्याला झाला होता, आणि तिच्या खालोखाल सुमनला.

माझ्या बरं होण्याचा काला नेहमीपेक्षा मोठा झाला. सुमनने तर हातावर दोनदा घेतला. तिची आई कपडे द्यायचे राहिले म्हणून देवळात आली नव्हती, तेव्हा आत्याने उरलेला काला टोपासकट सुमनच्या हाती दिला. "घरी ने, आयेला पन दे," म्हणाली. सुमन तो टोप कडेवर घेऊन उड्या मारत गेली, ते मला अजून दिसतं. तिच्या आईला दही चालत नव्हतं, म्हणून तिने एकटीनेच तो संध्याकाळपर्यंत संपवला, हे तिने मला दुसऱ्या दिवशी मोठ्या फुशारकीने सांगितलं.

ती आजारी पडली तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे. मला नकला येत नव्हत्या. तिचा ताप आधी साधा म्हणून अंगावर काढला गेला, मग पोट फुगलं, मग तिला कळव्याच्या बाजूला कुठल्याशा मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आतडं फुटलं होतं. ती परत आली नाही. एवढंच मला त्याबद्दल लिहिता येतं. इतकी वर्षं झाली, तरी त्याच्या पुढे हात चालत नाही.

आमच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. सुमन गेल्यावर त्या स्वतःहून आमच्या घरी आल्या, चहा नको म्हणाल्या आणि आईला विचारू लागल्या. तुम्ही पाणी उकळता, चाळीतले लोक दुसरीकडचं पाणी पितात, दूध वेगळं, भाजी वेगळी. मग तुमच्या घरात आणि चाळीत सारखं काय आहे? आईने खूप विचार केला आणि सांगितलं की सारखं तसं काहीच नाही, हां, काला तेवढा सगळी पोरं खातात. बाईंनी काला कधी करता ते विचारलं. मग कोण करतं ते. मग, त्यांना कधी हा ताप आला होता का. आई उत्तर देत गेली आणि मधेच थांबली. मी दारात होते. आईचा चेहरा मी पाहिला, आणि मला वाटतं आईला आणि मला ते एकाच क्षणी कळलं.

बाईंनी एकट्या आत्याचं नाव घेतलं नाही. घरातल्या सगळ्यांचीच विष्ठा तपासायची म्हणाल्या आणि झाकणाच्या बाटल्या दिल्या. त्या बाटल्या कापडी पिशवीत घालून आबांना स्वतः कल्याणच्या लॅबमध्ये न्याव्या लागल्या. आबा म्हणजे गावात ज्यांच्या शब्दाशिवाय पालखी उठत नव्हती असे गृहस्थ. पांढरीशुभ्र टोपी, कडक सदरा, आणि हातात ती पिशवी. स्टेशनाशी त्यांना व्याही भेटले आणि काय बाजार केलात म्हणून पिशवीत डोकवायलाच लागले. आबांनी पिशवी छातीशी धरून देवीचा प्रसाद आहे, उघडायचा नाही, असं सांगितलं, आणि व्याह्यांनी पिशवीला भक्तिभावाने हात लावून नमस्कार केला. घरी येऊन आबांनी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांत जास्त आत्या हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या घरातलं तिचं ते शेवटचं मोकळं हसणं.

रिपोर्ट आला. जंतू फक्त आत्याच्यातच निघाले. आबांनी अंगणातून आत येऊन आईला आणि मला सांगितलं की हे घराबाहेर जाता कामा नये. "इतकी वर्सं आपन त्यांच्या संडासाला नावं ठेवली," ते म्हणाले. "आता कललं तर तोंड दाखवाला जागा रहनार नाय." आत्यालाही सांगायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून चूल आईने घेतली. तू पुष्कळ केलंस, आता आराम कर, असं आबांनी आत्याला सांगितलं. आत्याला त्याचा अर्थ एकच लागला, की वहिनीला आता आपण नकोशी झालो. ती उंबऱ्याच्या अलीकडे बसायची आणि आई भाकरी थापायची ती बघायची. आईच्या भाकऱ्या कडेला फाटायच्या. दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत. मी आबांवर त्या दिवसांत जितकी चिडले तितकी पुढे आयुष्यात कुणावरही चिडले नाही, आणि खरं सांगायचं तर तो राग अजून पुरता गेलेला नाही.

हे असं चालणारच नव्हतं. गोळ्या द्यायच्या तर कशाच्या ते सांगावं लागणार. डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला आणि मी आत्याला घेऊन दवाखान्यात गेले. बाईंनी तिला समोर बसवलं आणि सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. जुन्या तापाचे जंतू तिच्या पित्ताशयात घर करून राहिलेत, तिथून आतड्यात उतरतात, बाहेर पडतात. तिला ते काही करत नाहीत. पण हाताला लागून दुसऱ्याच्या पोटात गेले तर त्याला ताप आणतात. शिजलेल्या अन्नात ते मरतात, कालवलेल्यात मरत नाहीत. यात तिचा काही दोष नाही, तिला कळायला मार्ग नव्हता. आत्याने सगळं मान खाली घालून ऐकलं. मग तिने आपले दोन्ही हात मांडीवर उलटेपालटे करून पाहिले.

"मंग मी रांधाचं नाय?"

"दुसऱ्यांसाठी नाही. निदान जंतू जाईपर्यंत."

"आनि सुमनला? माज्या काल्यानं झाला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आत्याबाई, तुम्ही विचारताय म्हणून सांगते. मला तसंच वाटतं."

दवाखान्यातून निघाल्यावर आत्या घराच्या वाटेला वळलीच नाही. ती तडक चाळीत गेली, मी मागोमाग. दुपारची वेळ, बायका दारात निवडत-टिपत बसलेल्या. सुमनची आई मशीनवर होती. आत्या खोलीत शिरली नाही. बाहेरच, सगळ्यांच्या देखत उभी राहिली आणि म्हणाली, "सुमनची आय, तुज्या पोरीला माज्या हातचा काला बादला. पानी नाय, संडास नाय. माज्या पोटात रोग हाय, मना ठावकं नवता. डाक्टरनी आता सांगलान." मशीन थांबलं. सुमनची आई उठली. मला वाटलं ती आत्याच्या अंगावर धावून येईल. आत्यालाही तसं वाटलं असावं, कारण ती हलली नाही. पण सुमनची आई आत गेली, फळीवरून आमचा कल्हईचा टोप काढला आणि आत्याच्या हातात दिला. सुमनने कडेवर नेलेला तोच. घासून लख्ख केलेला, आणि रिकामा.

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची साधी रीत. निदान साखरेची चिमूट, दोन तांदळाचे दाणे. सुमनच्या आईला ते ठाऊक होतं, आत्यालाही. आत्याने टोप घेतला, आत पाहिलं, आणि घरी आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथा घातला. आबा तिच्यावर ओरडले, गावभर केलंस म्हणाले. त्याच आठवड्यात काही बिऱ्हाडांनी आमच्या दारावरून जाणं सोडलं, पोरांना आत्याची सावली नको असं उघड म्हणायला लागली. त्यातलं बरंचसं तिने ऐकलं. आणि बऱ्याच उशिराने, पण आबांनी तो संडास पाडून विहिरीपासून लांब दुसरा बांधला. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गोळ्या पुष्कळ दिवस चालल्या. रिपोर्ट कधी चांगला यायचा, पुन्हा बिघडायचा. पित्ताशय काढा म्हणाले तर आत्याने ठाम नकार दिला. सुमन हॉस्पिटलात गेली ती आली नाही, एवढंच म्हणायची. पुढे रिपोर्ट चांगले येऊन टिकले, बाईंनी आता रांधायला हरकत नाही असं सांगितलं, तरी तिने चुलीला हात लावला नाही. माझ्या हळदीच्या दिवशी मी हट्टाने जवळ्याची परात तिच्यापुढे ठेवली. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मला चोळायला लावलं. अजून चोल, कांद्याला पानी सुटू दे, असं तोंडाने सांगत राहिली. चव आली नाही. तो टोप मात्र ती दर वर्षी कल्हईवाल्याकडून कल्हई करून घ्यायची आणि पुन्हा पालथा घालायची. आई म्हणायची, वापरायचा नाही तर कल्हई कशाला?

परवा आमच्या टॉवरमध्ये पोटाची साथ आली. सोसायटीच्या ग्रुपवर पहिलाच मेसेज आला की कामवाल्या बायकांना लिफ्टमध्ये घेऊ नका. मी सानिकाला तो दाखवला आणि माझा आवाज चढला, तेव्हा ती घाबरलीच. मग तिला हे सगळं सांगावं लागलं, आणि शेवटचंही.

आत्या गेली तेव्हा मी माहेरी होते. नेऊन झालं होतं, पुरुष माणसं अंघोळ करून अंगणात बसली होती, चूल थंड होती. ज्या घरात माणूस जातं तिथे त्या दिवशी शेजारची माणसं जेवण आणतात, कडू घास म्हणतात त्याला. चाळीतून कुणी येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. सुमनची आई आली. पाठीत वाकलेली, एका हातात भाताचं पातेलं, दुसऱ्यात पिठल्याचं. ती थेट स्वयंपाकघरात गेली, इकडेतिकडे पाहिलं, आणि फळीवरचा टोप तिला दिसला. तिने तो खाली काढला, मोरीत धुतला, आणि आपलं पिठलं त्यात ओतलं. वाफ वर आली. तो भरलेला टोप घेऊन ती बाहेर आली आणि आबांच्या समोर ठेवला.

"आत्यांना मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "अजून नाही. पण माझी पोर कशानं गेली ते मला त्यांनी येऊन सांगितलं. तुमच्यातलं दुसरं कुणी आलं नाही."

आबांनी मान वर केली नाही. तिने पहिलं पान त्यांचं वाढलं.

"जेवा," ती म्हणाली. "गरम आहे तोवर."